माइक सुरू करण्याआधीचा हिशेब

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. मी कधी कोणाला शिवी दिली नाही, रात्री जागून ऑनलाइन व्हिडिओ गेममध्ये रँक मिळवली, मग पुरुष म्हणून मला विशेषाधिकार लाभले आहेत असे कोणी का म्हणावे, हा तुझा प्रश्न प्रामाणिक आहे. तुझ्या मेहनतीवर कोणी शंका घेतलेली नाही. तेवढीच मेहनत करून इतरांना त्याखेरीज आणखी काय करावे लागते, एवढेच पाहायचे आहे.

सामना सुरू होताना तू हेडफोन चढवतोस आणि सहज बोलू लागतोस. त्याच लॉबीतली, म्हणजे सामन्यासाठी जमलेल्या खेळाडूंतली, एखादी मुलगी मात्र त्या क्षणी मनाशी हिशेब करत असते: बोलले तर आवाजावरून ओळखतील, मग कोणी लगट करील, कोणी स्वयंपाकघराची वाट दाखवील आणि डाव हरला तर खापर माझ्याच डोक्यावर फुटेल, न बोलले तर शत्रू कुठून येतो आहे हे संघाला कळणार नाही. म्हणून कित्येकजणी पुरुषी वाटेल असे नाव घेतात आणि माइक बंद ठेवूनच खेळतात. हा हिशेब तुला कधी करावा लागला नाही. ही मोकळीक न मागता मिळाल्यामुळे ती तुझ्या लक्षातही येत नाही.

चुरशीच्या खेळात सगळ्यांनाच बोलणी खावी लागतात, असे तू म्हणशील. पण 'हॅलो ३' या खेळात संशोधकांनी आधी ध्वनिमुद्रित केलेली तीच वाक्ये पुरुषाच्या आणि स्त्रीच्या आवाजात ऐकवली, तेव्हा स्त्रीच्या आवाजाच्या वाट्याला तिप्पट नकारात्मक शेरे आले. त्याच खेळावरील २०१५ च्या अभ्यासात असेही दिसले की तिच्याशी अधिक तुसडेपणाने वागणारे पुरुष खेळात कमी पडणारे होते. म्हणजे हा राग चुरशीपेक्षा स्वतःचे स्थान घसरण्याच्या भीतीतून येत असावा, असे मला वाटते.

खेळ बनवणाऱ्यांच्या सवयीही याहून फार वेगळ्या नाहीत. १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखतातला योद्धा स्त्री आहे हे शेवटी कळते; पण खेळ जितक्या लवकर संपवावा तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी दिसतात! नायिका दिली, आणि लगोलग तिला खेळाडूचे बक्षीसही करून टाकले. २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी'च्या सहकारी खेळात (जिथे खेळाडू मिळून खेळतात) स्त्री पात्र का नाही, असे विचारल्यावर अ‍ॅनिमेशनचे काम दुप्पट होईल, हे उत्तर निर्मात्यांकडून आले होते. खर्चाची सबब खोटीच असते असे नाही, पण तिची आठवण नेमकी कोणाच्या वेळी होते, ते पाहत जा.

आता समानुभूतीविषयी. स्त्री पात्र निवडून एक संध्याकाळ खेळल्याने ती येत नाही, कारण कंटाळा आला की तू ते पात्र बदलू शकतोस. ती दिसायला हवी ती सामना चालू असताना. कोणी एखादीला छळू लागला, तर "हे बंद कर, खेळाकडे लक्ष दे" असे सर्वांना ऐकू जाईल असे एकदा सांग, त्याची रिपोर्ट कर आणि पुन्हा खेळू लाग. तू खरेच मुलगी आहेस का, असे तिला विचारू नकोस, लांबलचक भाषण देऊ नकोस, आणि सामना संपल्यावर आभाराच्या अपेक्षेने फ्रेंड रिक्वेस्ट तर मुळीच पाठवू नकोस. तिला रक्षक नको असतो. आपली सूचना ऐकून वेळेवर मदतीला येणारा टीममेट हवा असतो, जसा तो तुलाही हवा असतो.

तू पाठवलेला तुझ्या खेळाचा आराखडाही वाचला. लढाईची रचना उत्तम जमली आहे. नायकाची बहीण मात्र पहिल्याच प्रसंगात मारली जाते आणि पुढचा सारा खेळ त्याच्या सुडाचा होतो. तिला नाव नाही, आणि ती त्या रात्री घराबाहेर कशासाठी पडली होती, हेही त्यात कुठे लिहिलेले नाही. तेवढे लिहून पुढच्या पत्रासोबत पाठव, मग कथानकाविषयी सविस्तर बोलू.

तुझा स्नेहांकित