वाचकांचे प्रश्न : धबधबा पांढराफटक का येतो?

प्रश्न : श्रावणात आम्ही साताऱ्याजवळच्या ठोसेघरला गेलो होतो. पाणी दुधाच्या धारेसारखे मऊ दिसावे म्हणून फोनमध्ये प्रो मोड (सेटिंग हाताने बदलण्याची सोय) लावून शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/४ सेकंदावर ठेवले, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, हीही ५० पर्यंत खाली आणली. तरी दुपारचे सगळे फोटो पांढरेफटक आले. माझे काय चुकले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपली कल्पना बरोबर होती, प्रकाश मात्र फार होता. मोठ्या कॅमेऱ्यात अपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, लहान करून आत येणारा प्रकाश अडवता येतो. बहुतेक फोनमध्ये हे छिद्र कायमचे ठरलेले असते, मुख्य कॅमेऱ्यात साधारण एफ/१.८ इतके मोठे, आणि त्यामुळे आपल्या हाती शटर व आयएसओ ही दोनच साधने उरतात. आभाळ दाट भरून आलेले असले, तरी आयएसओ ५० वर अशा कॅमेऱ्याला दुपारी १/५०० सेकंदाच्या आसपासचा वेळ पुरतो. आपण १/४ सेकंद दिलात, म्हणजे गरजेच्या सुमारे सव्वाशे पट प्रकाश आत घेतलात.

यावर खरा उपाय म्हणजे फोनवर चिमट्याने बसणारा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी करडी काच. एनडी ६४ हा फिल्टर प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, त्यामुळे त्याच उजेडात शटर १/८ सेकंदापर्यंत नेता येते आणि धारांचे तंतू एकमेकांत मिसळू लागतात. ट्रायपॉड मात्र हवाच, आणि बटण दाबताना फोन हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. ठोसेघरला उडणारे तुषार काचेवर बसतात. प्रत्येक फोटोआधी ती मऊ सुती कापडाने पुसावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

फिल्टर नसेल, तर सांगलीतच सूर्यास्तानंतर आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या काठी सराव करावा. तेथे उजेड आपोआप कमी होत जातो. त्याहून सोपा सराव घरच्या नळाखाली होतो. धार बारीक सोडून खिडकीच्या उजेडात एक फोटो १/१००० ने आणि एक १/८ ने घ्यावा, आणि दोन्ही वेळा उजेड जुळेल असा आयएसओ बदलावा. पहिल्यात थेंब सुटे मण्यांसारखे दिसतील, दुसऱ्यात काचेच्या काडीसारखी अखंड धार दिसेल. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला, की शटरचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

प्रश्न : कासच्या पठारावर सीतेची आसवे ही फुले प्रत्येक फोटोत वेगळ्याच रंगाची येतात. असे का व्हावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल आपोआप साधणारी सोय) दर वेळी चौकटीतील हिरवळ आणि आभाळ पाहून नव्याने अंदाज बांधतो, आणि निळसर-जांभळ्या रंगात त्याची चूक चटकन दिसते. प्रो मोडमध्ये तो केल्विनमध्ये (प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पक्का करावा : उन्हात ५५०० च्या आसपास, ढगाळ हवेत ६००० ते ६५००. फोनमध्ये सोय असल्यास रॉ फाइलही (फोनने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) ठेवावी, म्हणजे रंग घरी निवांत सुधारता येतो. वाऱ्याने देठ हलतात, म्हणून शटर १/५०० किंवा त्याहून जलद असावे. फोकस हाताने लावावा, अन्यथा तो मागच्या गवतावर जातो. फुले नखाएवढी असतात, तरी जवळ जाण्यासाठी वाट सोडून आत उतरू नये. टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारे) भिंग असल्यास ते वापरावे, नसल्यास वाटेच्या कडेला उमललेलेच फूल निवडावे.