वाचकांचे प्रश्न : भाजे-कार्ले एका दिवसात, मुलांसह

*मुलं ८ आणि ११ वर्षांची आहेत. पुण्याहून एका दिवसात भाजे, कार्ले आणि लोहगड असं तिन्ही करता येईल का? – एक वाचक, चिंचवड*

येईल, पण तिसऱ्या ठिकाणी मुलं फक्त तुमच्यामागून फरफटत चालतील. लोहगड वगळा. त्याचे चार दरवाजे, वळणावळणाची वाट आणि विंचूकाटा नावाची डोंगराची लांब सोंड हा स्वतंत्र दिवसाचा ऐवज आहे. शिवाय जुलै २०२५मध्ये त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून, रविवारी तिथे शांतपणे काही बघायला मिळेल ही आशा सोडलेली बरी.

सकाळी भाजे, दुपारी कार्ले असा क्रम ठेवा. दोन्ही ठिकाणची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. भाज्यात सकाळी डोंगराची सावली मिळते, आणि कार्ल्यात दुपारी तीननंतर ओसरीवर आणि आत उजेड येतो. उलट केलंत तर कार्ल्याचा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, अंधारात बघाल आणि भाज्याच्या पायऱ्या भर उन्हात चढाल. भाज्याला नऊच्या आसपास पोचा आणि दोन तास द्या. जेवण खाली गावात किंवा रस्त्यालगत उरका, लेण्यात डबा उघडू नका. माकडं डबा उघडल्याचा आवाज ओळखतात.

लोकलने गेलात तर मळवलीला उतरा. भाजे गाव स्टेशनापासून चालत जाण्याजोगं आहे. कार्ल्यासाठी मात्र जुना महामार्ग ओलांडून पलीकडे जावं लागतं, तिथे रिक्षा करा. दुपारी लोकल विरळ असतात, म्हणून परतीची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा. कार्ल्याच्या लेण्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. रविवार, चैत्रातली जत्रा आणि नवरात्र टाळा. त्या दिवसांत पायऱ्यांवरच्या रांगेत मुलांचा सगळा उत्साह संपतो.

तिकीट मोठ्यांना २५ रुपये, १५ वर्षांखालच्यांना माफ. उंच मुलाचं वय विचारतात, म्हणून आधारकार्डाची प्रत जवळ असू द्या.

*माझी नऊ वर्षांची मुलगी प्रत्येक ठिकाणी विचारते, "हे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे हे कशावरून?" आम्ही "पाटीवर लिहिलंय" असं सांगून सुटतो. – एक वाचक, नाशिक*

मुलीचा प्रश्न पाटीपेक्षा चांगला आहे. भाजे-कार्ले हे त्याचं उत्तर देणारं सोयीचं ठिकाण आहे, कारण इथे कोणतं लेणं जुनं आणि कोणतं नंतरचं हे तिला स्वतः बघून सांगता येतं.

भाज्याच्या चैत्यगृहात २७ अष्टकोनी खांब आहेत. ते आधी मोजायला लावा. मग एक ओळंबा करा: दोन मीटर सुतळी आणि टोकाला मोठा नट. मोठ्या माणसाने मधल्या दालनाच्या बाजूने खांबाशेजारी उभं राहून सुतळी डोक्याइतक्या उंचीवर, खांबाच्या अगदी जवळ पण न टेकवता धरायची. नट झुलायचा थांबेपर्यंत अर्धा मिनिट जातं, मुलांना तेवढं मुकाट्याने थांबायला सांगा. मग खाली वाकून बघायचं. वर सुतळी आणि खांब जवळजवळ चिकटलेले, खाली मात्र अंतर पडलेलं. म्हणजे खांब आत कललेले आहेत. हलका नट घेतला तर तो वाऱ्याने फिरतो आणि काहीच कळत नाही. सुतळी चिकटपट्टीने खांबाला लावायचा मोह होईल, तो आवरा.

आता तिला विचारा, दगडात कोरलेला खांब कशाला कलता ठेवायचा? डोंगर काही पडणार नाही. खांब कलते हवेत ते लाकडी इमारतीत, छपराचा रेटा पेलायला. कारागिरांना लाकडी चैत्य ठाऊक होता, तोच त्यांनी दगडात उतरवला, न लागणाऱ्या गोष्टींसकट. वर बघा: कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या आहेत. त्या छताला आधार देत नाहीत, नुसत्या बसवलेल्या आहेत. त्या मूळच्या आहेत, त्यांच्यावर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. आणि लेण्याची समोरची बाजू उघडी का? तिथे लाकडी दर्शनी भाग होता, तो गेला. त्याच्या खाचा दाखवा.

दुपारी कार्ल्याला हेच प्रश्न पुन्हा. इथे समोरची भिंत दगडाची, तीन दारांची. खांब सरळ, बुडाशी घट आणि माथ्यावर हत्तीस्वार जोड्या. लाकडी फासळ्या इथेही आहेत, पण दगडावर हात बसलेला दिसतो. भाजे इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक, कार्ले इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं. हा क्रम ती आकडे ऐकण्याआधी स्वतः लावेल. मग आकडे सांगा.

दुसरा पुरावा लेखांचा. अक्षरांची वळणं शतकागणिक बदलतात, आणि काही लेखांत राजांची नावं येतात. कार्ल्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आणि सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी या दोघांच्या काळातले लेख आहेत. एवढं नऊ वर्षांच्या मुलीला पुरे.

*ब्राह्मी लेख मुलांना दाखवला तर दोन मिनिटांत कंटाळतात. त्यांना वाचता थोडंच येणार? – एक शिक्षिका, सातारा*

सगळा लेख वाचायचा नाहीच. एक अक्षर शोधायचं.

घरून निघताना वहीच्या पानावर तीन अक्षरं काढून द्या. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ग म्हणजे कौलारू छपराचा त्रिकोण, खालची रेघ नसलेला. ठ म्हणजे निव्वळ वर्तुळ. आपला आजचा ठ हे तेच वर्तुळ आहे, फक्त शिरोरेघेला टांगलेलं. मुलांना हे फार आवडतं.

कार्ल्याच्या ओसरीच्या डाव्या टोकाला जो लेख आहे त्यात हा ठ सापडतो. "वेजयंतितो सेठिना भूतपालेन", असा तो सुरू होतो. वैजयंतीच्या भूतपाल शेठने हे शैलगृह पूर्ण केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असा अर्थ. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी असं मानतात. 'सेठिना'मधलं वर्तुळ सापडलं की मुलं "सेठ, सेठ" करत बाकीचं स्वतःच विचारतात. ठला इकाराची छोटी रेघ जोडलेली असते, त्यामुळे अगदी मोकळं वर्तुळ शोधत बसलात तर हुकेल.

पुढची गंमत दाराशी. धेनुकाकट नावाच्या गावातल्या सिंहदत्त या गंधिकाने, म्हणजे अत्तरवाल्याने, एका दाराचं दान दिलं. दुसऱ्या लेखात दार घडवणाऱ्याचं नाव आहे: सामि, वेणुवासाचा मुलगा, व्यवसायाने वढकी. वढकी म्हणजे सुतार. हिंदीतला 'बढई' त्याच घराण्यातला शब्द. दगडाच्या दारावर सुताराचं नाव का, हे सकाळी भाजे बघितलेल्या मुलांना सांगावं लागत नाही. आतल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं आहेत. राजाची गोष्ट सांगायची घाई करू नका. अत्तरवाला, सुतार, शेठ ही माणसं मुलांच्या ओळखीची असतात.

कोवळा उजेड किंवा बॅटरी बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरली तर अक्षरं उठून दिसतात. समोरून झोत टाकला तर सपाट होतात.

*शाळेच्या प्रकल्पासाठी कागद ठेवून पेन्सिलने शिलालेखाचा ठसा घ्यायला सांगितलं आहे. चालेल? – एक पालक, ठाणे*

नाही. खडू, पाणी, तेल, पेन्सिल, काहीच लावायचं नाही. ही संरक्षित स्मारकं आहेत आणि १९५८च्या कायद्यानुसार नुकसानीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठशाची हौस घरी नाण्यावर भागवा. लेण्यात चौकटीच्या वहीवर अक्षर बघून काढायला सांगा; तसं काढताना मूल ते खरंच बघतं.

*आग्या मोहोळाची फार भीती वाटते. – एक वाचक, पनवेल*

भीती रास्त आहे. कड्याकपारीत पोळी असतात आणि हल्ला बहुधा माणसांनीच ओढवलेला असतो: धूर, दगड, फटाके, उग्र अत्तर. मुलांना त्या दिवशी अत्तर, वासाचं तेल लावू नका. पोळं दिसलं तर त्याच्या खालून हळू आवाजात पुढे सरका, फोटोसाठी थांबू नका.

माश्या उठल्याच तर हात झाडू नका. चेहरा आणि डोकं ओढणीने, सदऱ्याने झाका आणि मुलांना पुढे घालून सरळ दूर निघा, शक्य तर बंद गाडीत किंवा खोलीत. एका जागी बसून राहू नका, टाक्यात उडी मारू नका. त्या वर घोंगावत राहतात. नांगी लगेच काढा, नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. मुलाला दहाच्या वर डंख असले तर बरं दिसत असलं तरी दवाखाना गाठा. ओठ सुजले, दम लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा भोवळ आली तर डंख एक असला तरी थांबू नका, १०८ला फोन करा.

बाकी पिशवीत: दर मुलामागे दीड लिटर पाणी, दोन ओआरएसच्या पुड्या, टोप्या, एक जास्तीचा मोज्यांचा जोड. पावसाळ्यात भाज्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा चपला नकोत आणि सहाच्या आतली मुलंही नकोत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

*अजिंठा-वेरूळही करायचं आहे, शनिवार ते मंगळवार. – एक वाचक, नागपूर*

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ.