चेरीची फळं लहान, मऊ आणि पावसात तडकणारी : कोणतं खत कधी द्यावं?

तुमचा प्रश्न वाचून मला माझाच पहिला हंगाम आठवला. तुम्ही लिहिलंय की बायकोच्या माहेरी, हिमाचलात शिमल्याजवळ, नारकंड्याच्या खालच्या अंगाला चेरीची २०० झाडं आहेत, वय बारा-चौदा वर्षं. माल भरपूर लागतो, पण फळ लहान, बोटात धरलं तर मऊ, आणि मेअखेर पाऊस झाला की तडकतं. तुम्ही स्वतः दिंडोरीचे द्राक्षवाले, म्हणून फळधारणेनंतर १३-०-४५ (१३ टक्के नत्र, ४५ टक्के पोटॅश) आणि मग ०-०-५० (नुसतं पोटॅश) असा फवारणीचा कार्यक्रम द्यावा का, असं विचारताय.

माझं मत : खरा कार्यक्रम त्या दिवसांत नाहीच. तो तोडणी झाल्यावर आहे, जेव्हा चेरीकडे कुणीच बघत नाही.

मी मूळचा निफाडचा. खतांच्या नोकरीत शिमला जिल्ह्यात आलो आणि पहिल्याच वर्षी कोटगढकडच्या एका वयस्कर बागवानाला शहाणपण शिकवलं. पाकळ्या गळाल्या की झाडामागे अर्धा किलो युरिया टाका म्हटलं. त्यांनी आधीच कॅन (कॅल्शियम अमोनियम नायट्रेट, म्हणजे तेही नत्राचंच खत) टाकलेलं होतं, ते मी विचारलंही नाही. पानं काळीभोर झाली, शेंडे हातभर वाढले, मी खूश. तोडणीच्या दिवशी त्यांनी एक किलोची पेटी माझ्यासमोर उघडली. वरचा थर बरा दिसत होता. खालच्या थरात बोट घातलं तर कागद ओला. बाबा चिडले नाहीत, फक्त पेटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ये आप ही खाओ." पुढच्या वर्षी त्यातल्या काही झाडांच्या खोडांवर डिंकाचे गोळे आले. तेव्हापासून चेरीत नत्र म्हटलं की माझा हात आखडतो. जास्तीच्या नत्रानं झाड झाडोऱ्यात जातं, आतल्या फांद्यांवर सावली पडते, फळ मऊ राहतं, आणि खोड कॅंकरसारख्या, साल कुजवून डिंक काढणाऱ्या रोगाला लवकर बळी पडतं.

आता मुद्दा द्राक्षाच्या भाषेत सांगतो. आपल्याकडे माल काडीत बसतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, ऑक्टोबरात तो नुसता दिसतो. चेरीचंही तेच आहे. पुढच्या वर्षीची फुलं यंदाच्या उन्हाळ्यात, तोडणीच्या आगेमागे डोळ्यात तयार होऊ लागतात. त्या काळात पारा ३० च्या वर बराच राहिला तर पुढच्या वर्षी जुळी फळं दिसतात, ती त्याचीच खूण. शिवाय चेरीचं फळ फुलापासून दोन-सव्वादोन महिन्यांत तयार होतं. मार्च-एप्रिलमध्ये माती थंड, मुळं अर्धी झोपलेली. त्या वेळी पानं आणि कोवळं फळ वाढतं ते मागच्या वर्षी सालीत आणि मुळांत साठवलेल्या नत्रावर. फुलोऱ्यात टाकलेलं खत पहिल्या पानांना मिळेपर्यंत गाडी निघून गेलेली असते.

आणि नेमकं इथेच सगळे चुकतात. जूनमध्ये चेरी संपली की जुलैत सफरचंद सुरू. माणसं, पंप, औषधं, सगळं तिकडे. चेरीची झाडं पावसाळ्यात पानांवरच्या ठिपक्यांनी ऑगस्टमध्येच अर्धी उघडी पडतात. जे पान ऑगस्टमध्ये गळलं त्यानं झाडाच्या कोठारात काय टाकायचं? म्हणून मी बागवानांना सांगतो की तोडणीनंतरची बुरशीनाशकाची फवारणी हाच चेरीचा पहिला खताचा डोस. लोक हसतात.

पानं सप्टेंबरअखेरपर्यंत हिरवी टिकली, शेंड्याचा डोळा बंद झाला, म्हणजे वाढ थांबली, की दोन टक्क्यांचा युरिया पानांवर मारा, म्हणजे १०० लिटर पाण्यात दोन किलो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पान पिवळं पडायला लागण्याआधी हे व्हायला हवं. त्यातच १०० लिटरला १०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड घातलं तर वसंतात परागनलिका वाढायला आणि फळ धरायला मदत होते. बोरॉनच्या बाबतीत मात्र "थोडं जास्त घालू" हा आपला स्वभाव घरी ठेवा. कमी आणि विषारी यांच्यात फार अंतर नसतं.

पोटॅशचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. एक टन चेरी बागेबाहेर गेली की तिच्याबरोबर साधारण सव्वादोन किलो पोटॅशियम जातं, पावणेदोन किलो नत्र जातं, आणि कॅल्शियम जेमतेम १३० ग्रॅम. तुमच्या २०० झाडांना झाडामागे १५ किलो माल धरला तर तीन टन, म्हणजे पोटॅशियम सात किलोच्या आत. पानं, लाकूड, मातीत अडकणारं असं धरून दुप्पट-तिप्पट केलं तरी एका म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीत भागतं, कारण ५० किलोच्या गोणीत पंचवीस किलो पोटॅशियम असतं. इथे काय होतं, सफरचंदाची झाडामागे ७००-३५०-७०० ग्रॅम नत्र-स्फुरद-पोटॅशची शिफारस सगळ्यांना पाठ आहे, ती डोळे झाकून चेरीच्या तौलियातही ओततात. (तौलिया म्हणजे आपलं आळं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खरंच पंचा शोधत होतो.) गोडी आणि आकार यांना पोटॅश लागतं हे खरं, पण ते जास्त झालं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला आत येऊ देत नाही. मग फळ आणखी मऊ. तुमची १३-०-४५ ची फवारणी मला नको वाटते ती त्यामुळेच.

ते १३० ग्रॅम कॅल्शियम मात्र जीव की प्राण. कडकपणा त्यावर, तडकणंही बरंचसं त्यावर. कॅल्शियम फळात पाण्याच्या प्रवाहाबरोबर येतं, आणि तेही मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत. पानावर पडलेलं कॅल्शियम पानातच राहतं, फळाकडे चालत जात नाही. तेव्हा फळ भिजलं पाहिजे. फुलाची वाळलेली टोपी गळून हिरवा मणी मोकळा झाला की सुरुवात करा. कॅल्शियम क्लोराइड १०० लिटरला ३०० ग्रॅम, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. भर उन्हात मारलं तर पानांच्या कडा जळतात. त्याच टाकीत फॉस्फेट किंवा सल्फेटवालं काही घालू नका, तळाला चुना बसल्यासारखा गाळ बसतो. तोडणीच्या तोंडावर थांबा, नाहीतर फळावर पांढरे डाग राहतात.

जीएबद्दल (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संजीवक) तुम्ही विचारलं नाहीत, पण द्राक्षवाला विचारणारच. फळ पिवळसर झालं की थोडा जीए देतात, फळ कडक राहतं, आकारही मिळतो. पण तोडणी काही दिवस पुढे जाते, आणि तुमच्याकडे पुढे पाऊस उभा असतो. त्या उंचीवर मी देत नाही.

लहान फळाचं सगळ्यात मोठं कारण मात्र खतात नाहीच. तुम्हीच लिहिलंय, माल भरपूर लागतो. एक बीमा, म्हणजे ती आखूड फळकाडी, हातात धरा आणि मोजा. पानं सात आणि फळं नऊ असतील तर कुठलंही खत ते फळ मोठं करणार नाही. एका फळामागे चार-पाच चांगली पानं हवीत. जुनी, दमलेली फळकाडी छाटा, झाडात ऊन जाऊ द्या. छाटणी कोरड्या हवेत करा.

डिसेंबर-जानेवारीत कुजलेलं शेणखत, स्फुरद आणि थोडं पोटॅश तौलियात द्या, पण खोडाला चिकटवून नाही. नत्र फुलोऱ्याआधी निम्मं आणि उरलेलं तोडणीनंतर लगेच, तेही झाडाची वाढ बघून. हातभर शेंडे येत असतील तर नत्राला सरळ कात्री लावा. आळ्यात पाणी साचू देऊ नका, चेरीला ओले पाय अजिबात चालत नाहीत.

आकडे पक्के हवे असतील तर आपल्या द्राक्षाच्या पानांच्या देठ परीक्षणासारखंच इथे पान परीक्षण आहे, फक्त अख्खं पान लागतं. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, यंदाच्या फुटीच्या मधली पानं, वेगवेगळ्या झाडांवरून पन्नास-साठ. सोलनजवळच्या नौणीच्या बागायती विद्यापीठात त्याची सोय विचारा. नत्र सव्वादोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आलं तर युरियाच्या गोणीला हात लावू नका.

आणि १३-०-४५ आणून ठेवलंच असेल तर परत करायला जाऊ नका, सासऱ्यांच्या सफरचंदांना उपयोगी पडेल.