शालेय संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम आणि परीक्षा आखताना सुरुवात कुठून करावी?

प्रोग्रामिंगची भाषा कोणती, या वादात महिने घालवू नका. अमेरिकेतली एपी (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकवणारा अभ्यासक्रम) संगणकशास्त्र परीक्षा १९८४ मध्ये पास्कलवर सुरू झाली, मग सी प्लस प्लस आली, २००३-०४ पासून जावा. लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं) आणि अ‍ॅरे (ओळीने ठेवलेल्या किमतींची यादी) मात्र तिन्हींत तेच!

खरा जीव प्रश्नांत ओता. व्याख्या विचारली की मुलं पाठ करून येतात. त्यापेक्षा पाच आकड्यांच्या अ‍ॅरेवर इंडेक्स (० पासून मोजलेला जागेचा क्रमांक) ० ते ५ फिरणारा लूप द्या आणि तो नेमका कुठे फसतो ते विचारा. चुकीचे पर्यायही मुलं वर्गात खरोखर करतात त्याच चुकांमधून उचला. आणि छापण्याआधी पेपर दुसऱ्या शिक्षकाला उत्तरसूचीशिवाय सोडवायला द्याच. दोन अर्थ निघणारा प्रश्न तिथेच सापडतो.