ड्रॉ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : मुलगी सहावीत आहे, तिला ड्रॉ म्हणजे चित्र काढणं एवढंच माहितीये. मग बँकेतलं विथड्रॉ, टेबलाचा ड्रॉवर, डिमांड ड्राफ्ट यांचा चित्राशी काय संबंध?

उत्तर : खूप छान प्रश्न! चित्र हा नंतरचा अर्थ, मूळ अर्थ ओढणं. कागदावर पेन्सिल ओढत नेली की रेघ उमटते म्हणून ते ड्रॉइंग, ओढून उघडायचा तो ड्रॉवर, आणि ड्रॅग, ड्राफ्ट हे पण याच घरातले. विथड्रॉ मधल्या विथ चा अर्थ मात्र 'सोबत' नाही हं, जुन्या इंग्रजीत तो 'मागे, दूर' असा होता, म्हणून विथड्रॉ म्हणजे मागे घेणं, बाजूला होणं. ड्रॉइंगरूमचं मूळ नाव विथड्रॉइंग रूम, जेवणानंतर उठून निवांत बसायला जायची खोली, तिथे चित्रं काढायचा काही संबंध नाही. चेक काढणं हेही ड्रॉच, म्हणून चेकवर सही करणाऱ्याला आपल्याकडच्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात (चेक, हुंडी वगैरेंचा कायदा) ड्रॉअर म्हटलंय आणि बँकेला ड्रॉई.

मुलीला शिकवताना आपलं 'काढणं' वापरा, मला तर हे फारच आवडतं, कारण चित्र काढतो, पैसे काढतो, विहिरीतून पाणी काढतो, रक्त काढतो, चिठ्ठी काढतो, निष्कर्ष काढतो आणि या सगळ्याला इंग्रजीत ड्रॉ चालतं. पण फोटो काढणं तेवढं टेक, तिथे ड्रॉ नाही. रूपं ड्रॉ, ड्रू, ड्रॉन अशी, ड्रॉड असं काही नसतं, मुलं हमखास लिहितात ते.