लॅम्डा ०.८४ दिसला म्हणजे सेन्सर गेला का?

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला आहे. स्कॅनर लावला तेव्हा कसारा घाटात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण) ०.८४ दिसला, मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज ०.७ वर स्थिर राहिले आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनाचा संगणक पेट्रोलात करत असलेली वाढ-घट) आयडलला +१४ टक्के, तर २५०० आरपीएमला +३ टक्के आली. इंजिनाला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर आहे. गॅरेजवाले दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतात. बदलावेत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात बदलू नयेत. पहिले दोन आकडे निरोगी इंजिनाचे आहेत. लॅम्डा १ म्हणजे एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा. परंतु टर्बो भरात असताना नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके) होऊ नये आणि टर्बाइन व धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फार तापू नयेत, म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो आणि लॅम्डा १ च्या खाली येतो. कन्व्हर्टरच्या नंतर बसवलेला मागचा सेन्सर स्थिर आहे याचा अर्थ कन्व्हर्टर काम करतो आहे. तो सतत वरखाली होत असता, तर काळजीचे कारण होते.

खरी खूण ट्रिममध्ये आहे. आयडलला इंजिन हवाच थोडी घेते, त्यामुळे न मोजलेली जराशी हवा आत शिरली तरी मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होते आणि ईसीयूला पेट्रोल वाढवावे लागते. आरपीएम वाढल्यावर तीच गळती एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते. म्हणून थ्रॉटलच्या पुढचे मॅनिफोल्ड गॅस्केट, पीसीव्हीची (क्रँककेसमधील वाफा परत इंजिनात नेणारी) आणि ब्रेक बूस्टरची नळी यांची स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणे) करून घ्यावी. टर्बो दाब देऊ लागला की हीच फट मोजलेली हवा बाहेर फेकते आणि मिश्रण उलट रिच (पेट्रोल जास्त) होते.

आणखी एक शक्यता सोडू नये. पुढचा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. त्यामुळे त्याच्या आधीच्या एक्झॉस्टच्या सांध्यातून बाहेरची हवा ओढली गेली, तरी तो मिश्रण लीन असल्याचेच सांगतो. सकाळी गार इंजिन सुरू करून कान द्यावा. सांध्यापाशी टक-टक आवाज येतो, काजळीचा काळा पट्टा दिसतो, आणि धातू तापून प्रसरण पावला की आवाज थांबतो. म्हणून दुपारी गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीत तो सापडत नाही.

पुढच्या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम असताना, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडावा आणि स्कॅनर शेजारी बसलेल्याने पाहावा. पेट्रोल बंद होताच लॅम्डा झटकन १ च्या बराच वर गेला, तर सेन्सर शाबूत आहे. रेंगाळत वर गेला, तरच तो बदलण्याचा विचार करावा.