अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरच्या चित्रात होडीतली तीन मुलं खेळतायत की कामावर आहेत?

कामावर आहेत. १८७५च्या या जलरंगचित्राचं नावच 'थ्री बॉइज इन अ डोरी विथ लॉब्स्टर पॉट्स', म्हणजे शेवंडांचे सापळे नावातच आले. ऊन आणि टोप्या बघून तुम्हाला ही मुलांची सहल वाटली असेल, तर त्यात नवल नाही. पण जरा त्या सापळ्यांकडे बघा. लाकडी पट्ट्यांचे हे पिंजरे तळाशी बसावेत म्हणून आत दगड घालत. आमिषाला मासा, वर दोरीला तरंगता ठोकळा. दोरी हातानं ओढायची, शेवंड काढायचं, नवं आमिष लावून पिंजरा पुन्हा सोडायचा. भिजलेलं लाकूड आणि दगड, वजनाचा अंदाज तुम्हीच करा! त्यात डोरी म्हणजे सपाट बुडाची होडी, रिकामी असली की डुगडुगणारी.

मग आपल्याला त्यांची दया का येत नाही? माझ्या मते टोप्यांमुळे. त्या काळातल्या होमरच्या बऱ्याच मुलांचे चेहरे टोपीच्या सावलीत असतात. डोळेच दिसत नाहीत, तर कळवळणार कुणाकडे बघून? दिसते ती बसण्याची सवयीची ढब. गोंडस गाल रंगवून चित्र खपवण्यापेक्षा हे मला कितीतरी प्रामाणिक वाटतं.

होमरनं अमेरिकेतल्या यादवी युद्धाची चित्रं 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकासाठी काढली होती, त्यामुळे कष्ट त्याला नवे नव्हते. जलरंग त्यानं मनावर घेतले ते १८७३च्या उन्हाळ्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारी बंदरात. (आई हेन्रिएटा स्वतः जलरंगात रंगवायची, म्हणजे माध्यम घरचंच.) तेव्हाच्याच 'अ बास्केट ऑफ क्लॅम्स'मध्ये दोन मुलं शिंपल्यांची भली मोठी टोपली उचलून नेताना दिसतात. त्याच ऑगस्टमध्ये उत्तर अटलांटिकात मोठं वादळ होऊन ग्लॉस्टरच्या बोटी माणसांसकट बुडाल्या. जलरंगांतल्या उन्हात त्याचा मागमूस नाही.

कायद्याचं विचाराल, तर मॅसॅच्युसेट्सनं १८३६मध्येच कारखान्यातल्या १५ वर्षांखालच्या मुलांना वर्षातून तीन महिने शाळा सक्तीची केली होती. तो नियम गिरण्यांसाठी. बापाच्या होडीत बसलेल्या पोराला तो लागू नव्हता.

१८८१-८२मध्ये होमर इंग्लंडमधल्या कुलरकोट्स या कोळ्यांच्या गावात राहिला. तिथल्या जलरंगांत ऊन ओसरून आभाळ करडं झालंय आणि काम करणाऱ्या बायका धिप्पाड झाल्यात. ती चित्रं या मुलांशेजारी ठेवून बघा, मग सहलीचा भास राहतो का ते सांगा.